मारुतीपुढचा दिवा आणि बदललेला गॅस: वेदनाशामक फवाऱ्याचं एक प्रकरण

आषाढातला शनिवार होता. सकाळपासून पावसाची झड लागलेली. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. डी.फार्म. करून त्यानं पेठेत मेडिकल दुकान टाकलंय. "मॅडम, तालमीतल्या एका पोराला स्प्रेनं भाजलंय. स्प्रे माझ्याच दुकानातनं गेलाय. काय करू?"

भाजलेली जागा किती मोठी आहे, फोड आलेत का, चेहरा आणि डोळे ठीक आहेत का, हे आधी विचारलं. मग एवढंच सांगितलं, की वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. आणि आखाड्यातली माती तर अजिबात नको. हे शेवटचं मुद्दाम सांगावं लागलं. लाल मातीत ताक, हळद, तेल, लिंबू मुरवलेलं असतं आणि ती अंगाला चांगली, यावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्यांचा विश्वास आहे. धडधाकट कातडीला ती चांगलीच आहे. भाजून उघड्या झालेल्या कातडीवर मात्र माती म्हणजे धनुर्वाताला आवतण.

मुलगा एकोणीस वर्षांचा. उजव्या खांद्यावर आणि दंडावर तळहाताएवढी कातडी लालबुंद झालेली, हातावरचे केस जळालेले, एका बाजूची भुवई करपलेली. डोळे वाचले. त्याच रात्री डॉक्टरांनी पाहिलं आणि वरवरचं भाजलंय म्हणून मलमपट्टी करून घरी पाठवलं. पंधरा दिवसांत कातडी बरी झाली. पोरगा एवढ्यावर सुटला म्हणूनच हे प्रकरण निवांतपणे लिहिता येतंय.

दुसऱ्या दिवशी मी तालमीत गेले. दाराशी वस्ताद उभे होते. वय सत्तरीच्या पुढं, कान मोडलेले, आवाज अजून खणखणीत. ते जे बोलले, त्या एका वाक्यानं मला या प्रकरणात ओढलं.

"आवं मॅडम, गेली चार-पाच वर्सं ह्योच स्प्रे मारत्यात पोरं. हितंच, देवाम्होरं बसून. कवा काय झालं न्हाई. मग आत्ताच कसं झालं?"

प्रश्न रास्त होता. पोरं चुकली, दिवा जवळ होता, लक्ष नव्हतं, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण तोच दिवा, तीच जागा, तीच सवय आणि चार-पाच वर्षं काहीच होत नाही, तर बदललं काय हे शोधायलाच हवं.

जागा

तालीम जुनी, दगडी. दार ठेंगणं, खिडकी एकच, तीही वर. आत आखाड्याचा हौद जमिनीपेक्षा दीड-दोन हात खोल. हौदाच्या कडेला भिंतीत देवळी, तिच्यात शेंदूर लावलेला मारुती. देवळीच्या पायथ्याला, जवळजवळ हौदाच्या काठाच्या पातळीवर, तेलाचा दिवा. शनिवारी एकाचे तीन-चार होतात. बाहेर पाऊस, म्हणून दार ओढून घेतलेलं आणि खिडकीला पोतं लावलेलं.

मुलगा मेहनत करून हौदाच्या काठावर बसला होता. खांदा आधीच्या आठवड्यातल्या कुस्तीत दुखावलेला. जोडीदार मागं उभा राहून फवारत होता. "एकदा मारला, गार वाटलं. मग जरा जास्तच मारला," असं तो सांगत होता. जास्त म्हणजे किती? "धा-पंधरा सेकंद." भपकन् आवाज झाला आणि जाळ खालून वर आला, असं दोघांनीही सांगितलं.

खालून वर, हे मी वहीत लिहून घेतलं. फवारा खांद्यावर मारला होता, दिवा गुडघ्याच्या उंचीवर होता. फवाऱ्याची धार दिव्यावर गेली असती तर जाळ वरून खाली गेला असता. मग खाली काय साचलं होतं?

दोन कॅन

कोपऱ्यातल्या कपाटातून वस्तादांनी दोन कॅन काढून दिले. एक जुना, जवळजवळ रिकामा. दुसरा परवाचा. नाव तेच, रंग तोच, झाकण तेच. पुढच्या बाजूला औषधांची यादी अक्षर न् अक्षर तीच. डायक्लोफेनॅक डायइथाइलअमाइन १.१६ टक्के, म्हणजे डायक्लोफेनॅक सोडियमच्या १ टक्क्याएवढं. त्यात मिथाइल सॅलिसिलेट, मेन्थॉल आणि द्रावक म्हणून आयसोप्रोपाइल अल्कोहोल.

फरक शेवटच्या ओळीत होता, कॅनच्या शिवणीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरांत. जुन्यावर प्रोपेलंट, म्हणजे औषध बाहेर ढकलणारा गॅस, म्हणून टेट्राफ्लुओरोइथेन. नव्यावर ब्युटेन आणि प्रोपेन. दोन्हीकडे पुढं 'पुरेसं होईल इतकं' या अर्थाची दोन अक्षरं, क्यू.एस. नव्या कॅनवर ज्वालेचं चिन्ह होतं, नखाएवढं. इशारा होता, इंग्रजीत. मराठीत एक शब्दही नव्हता.

हा फवारा विकणारी कंपनी कोल्हापुरातलीच. नाव लिहीत नाही. छोटी आहे, स्वतःचा कारखाना नाही, माल दुसरीकडून थर्ड पार्टी करून घेते आणि तालमी, फुटबॉलचे संघ, मेडिकल दुकानं यांना पुरवते. मालकांना मी ओळखते. माणूस बेफिकीर नाही. मी दोन्ही कॅन त्यांच्या टेबलावर ठेवले तेव्हा ते मनापासून म्हणाले, "मॅडम, औषध तेच आहे. फक्त गॅस बदललाय."

या 'फक्त गॅस'वर मला लिहायचंय. फार्मसीच्या वर्गात मी हे वर्षानुवर्षं शिकवत आले आणि तरी आपल्याच गावात, आपल्याच ओळखीच्या माणसाच्या हातून हे घडलं, याचं मला वाईट वाटतं.

प्रोपेलंट म्हणजे नेमकं काय

एरोसोलच्या कॅनमध्ये गॅस दाबून भरलेला असतो, अशी बहुतेकांची समजूत असते. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असते तसा. द्रवरूप प्रोपेलंटच्या बाबतीत ते खरं नाही. कॅनमध्ये प्रोपेलंट द्रव होऊन राहतो, औषधाच्या द्रावणात मिसळलेला. वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ असते आणि त्या वाफेचा दाब द्रवाला नळीतून झडपेकडे ढकलतो. थोडा द्रव बाहेर गेला की आतला आणखी थोडा उकळतो, दाब जवळपास पुन्हा तेवढाच होतो. म्हणून कॅन संपत आला तरी फवारा तसाच जोमात येतो. बाहेर पडल्या पडल्या प्रोपेलंट क्षणात उकळतो, औषधाच्या थेंबाच्या चिंधड्या करतो आणि उकळायला लागणारी उष्णता कातडीतून ओढून घेतो. गार वाटतं ते यामुळं.

म्हणजे तो ढकलणारा आहे, द्रावक आहे, थेंब बारीक करणारा आहे आणि गारवा देणाराही तोच. कॅनमधली अर्धीअधिक जागा त्याची. त्याला 'फक्त गॅस' म्हणणं म्हणजे भाकरीतल्या पिठाला फक्त पीठ म्हणण्यासारखं आहे.

टेट्राफ्लुओरोइथेन, म्हणजे एचएफसी-१३४ए, उणे २६ अंशांना उकळतो. २० अंश तापमानाला त्याचा दाब साधारण ५.७ बार असतो. पेटत नाही. या आकड्यांच्या नावांचा उलगडा मुलांना फार आवडतो. १३४ मध्ये ९० मिळवा, २२४ येतात. दोन कार्बन, दोन हायड्रोजन, चार फ्लुओरिन. त्याच्या आधी वापरात असलेल्या सीएफसी-१२ या क्लोरोफ्लुओरोकार्बनच्या आकड्यात, १२ मध्ये, ९० मिळवा, १०२ येतात. एक कार्बन, हायड्रोजन शून्य, दोन फ्लुओरिन, उरलेल्या जागा क्लोरिनच्या. त्या उरलेल्या क्लोरिननंच पुढं सगळा घोळ केला.

ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे बाराच्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. नुसत्या ब्युटेनचा दाब कमी, प्रोपेनचा जास्त. दोन्ही मापात मिसळून हवा तो दाब मिळवतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये हेच असतं. फरक इतकाच, की घरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मरकॅप्टनचा उग्र वास मुद्दाम दिलेला असतो आणि औषधाच्या कॅनसाठी वासाचे सगळे अंश काढून टाकलेले असतात. तालमीत मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटचा घमघमाट होता. गॅस साचलाय हे सांगणारं नाकाला काहीच नव्हतं.

ब्युटेनची वाफ हवेच्या दुप्पट जड असते. ती खाली बसते. हवेत तिचं प्रमाण २ टक्क्यांच्या जवळ आलं की पेटायला पुरेसं. दार बंद, हौद खोल, वारा नाही. पंधरा सेकंद मारलेल्या फवाऱ्यातला गॅस पाण्यासारखा वाहत काठावरून खाली उतरला आणि दिव्यानं त्याला गाठलं. जाळ खालून वर आला तो असा. १३४ए ची वाफ तर हवेच्या साडेतीनपट जड, तीही तशीच खाली बसत असणार, गेली चार-पाच वर्षं. ती पेटत नाही एवढाच फरक. पोरं ज्याला आपली सवय समजत होती, ती खरं तर १३४ए नं दिलेली सूट होती.

कॉलेजच्या मागच्या मैदानात

तर्कावर थांबायचं नव्हतं. एरोसोल किती पेट घेतो हे तपासायची ठरलेली पद्धत आहे. ज्योतीपासून १५ सेंटिमीटरच्या टप्प्यांनी अंतर वाढवत फवारा मारायचा आणि कुठपर्यंत पेट घेतो ते बघायचं. ७५ सेंटिमीटर किंवा त्याहून लांबून पेटला तर तो अतिज्वालाग्राही धरतात. आम्ही पाऊस उघडल्यावर, वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक नळकांडी हाताशी ठेवून, दोन सहकाऱ्यांसह हे केलं. प्रमाणित प्रयोगशाळेतली चाचणी ही नव्हे, अंदाज यावा एवढाच हेतू. घरी कुणी करून बघू नये.

नवा कॅन ६० सेंटिमीटरवरूनही पेटला आणि जाळाची जीभ हातभर लांबली. जुन्या कॅननं मात्र मला थोडं चकित केलं. लांबून काही झालं नाही, पण १५ सेंटिमीटरवर ज्योत क्षणभर फुलली. कारण उघड आहे. प्रोपेलंट पेटत नसला तरी आत अल्कोहोल होतंच. न पेटणारा प्रोपेलंट घातला म्हणून अख्खा फवारा न पेटणारा होत नाही. जुना कॅन तालमीत निर्धोक होता, असं मी वस्तादांना सांगितलं नाही, कारण तो तसा नव्हताच. शिवाय १३४ए ज्वाळेत सापडला तर तो फुटून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, आणि ते श्वासनळीला भाजून काढणारं आहे. दिव्यासमोर कुठलाच फवारा नको, हे जुन्या कॅनच्या काळातही तितकंच खरं होतं.

'औषध तेच' हेही खरं नव्हतं

मालकांचं अर्धं वाक्य खोटं ठरलं होतं, गॅस 'फक्त' नव्हता. उरलेलं अर्धं तपासायला बसलो तेव्हा तेही टिकलं नाही.

१३४ए द्रवरूपात पाण्यापेक्षा जड असतो, मिलिलिटरला सुमारे १.२ ग्रॅम. ब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण त्याच्या निम्म्याहून हलकं, ०.५५ च्या आसपास. समजा कॅनमध्ये ४० मिलिलिटर औषधी द्रावण आणि ६० मिलिलिटर प्रोपेलंट आहे. द्रावण अल्कोहोलचं, त्याचं वजन धरू ३४ ग्रॅम. जुन्या कॅनमध्ये प्रोपेलंटचं वजन ७३ ग्रॅम, एकूण १०७. त्यात औषधी द्रावणाचा वाटा ३२ टक्के. नव्या कॅनमध्ये प्रोपेलंट फक्त ३३ ग्रॅम, एकूण ६७, आणि द्रावणाचा वाटा ५१ टक्के. आकारमान तेच ठेवून गॅस बदलला, तर दर ग्रॅम फवाऱ्यात औषधही दीडपटीहून जास्त आणि अल्कोहोलही. डायक्लोफेनॅक कातडीवर जास्त पडणं हा या प्रमाणात मोठा धोका नसेल, पण मिथाइल सॅलिसिलेट आणि मेन्थॉल दीडपट झाले की घामेजलेल्या, मातीनं घासलेल्या कातडीला ते झोंबतात. दोन-तीन पोरांनी "नवा स्प्रे चुरचुरतो" असं सांगितलं होतंच. कुणी मनावर घेतलं नव्हतं.

फवाऱ्याची जातही बदलली. दाब वेगळा, घनता वेगळी, म्हणून एका सेकंदात बाहेर पडणारं वजन वेगळं, थेंबाचा आकार वेगळा. आणि गारवा? वाफ व्हायला ब्युटेनला ग्रॅममागं १३४ए पेक्षा पाऊणपट तरी अधिक उष्णता लागते, पण सेकंदाला ग्रॅमच कमी पडत असतील तर कातडीला जाणवणारा गारवा तेवढा राहील असं नाही. पोरं गारवा जाणवेपर्यंत मारतात. जोडीदाराचे ते दहा-पंधरा सेकंद इथून आले असावेत असा माझा कयास आहे. लेबलवर तीन सेकंद म्हटलेलं.

हे सगळं बदलत असताना, चाचण्या काय केल्या असं मी मालकांना विचारलं. गळती तपासली होती, दाब तपासला होता, पाण्याच्या हौदात ५० अंशांची चाचणी झाली होती. कॅन फुटणार नाही याची पूर्ण खात्री होती. तो वापरणारा माणूस कुठं बसून वापरतो, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांनी गॅस का बदलला

इथं मालकांची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती हलकी नाही.

पहिलं कारण पैशाचं. १३४ए महाग, आणि जड असल्यामुळं एका कॅनला किलोच जास्त लागतात, म्हणजे दुहेरी मार. दुसरं कारण त्यांनी जरा अभिमानानं सांगितलं: "पृथ्वी तापवणारा गॅस आम्ही बंद केला." हे खोटं नाही. १०० वर्षांच्या हिशेबात १३४ए ची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १३०० पट धरतात. वरच्या उदाहरणातला ७३ ग्रॅमचा एक कॅन संपवला की तो सुमारे ९५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. मोटारसायकलमध्ये ४० लिटर पेट्रोल जाळल्यावर एवढा निघतो. एक खांदा दुखला म्हणून एवढं आभाळात सोडायचं का, हा प्रश्न मलाही छळतो.

या क्षेत्राचा इतिहासच असा आहे. एका धोक्यापासून वाचायला जे आणलं, त्यातून दुसरा निघाला. सुरुवातीला सीएफसी-११, १२ आणि ११४ होते. पेटत नाहीत, वास नाही, औषधाशी भांडत नाहीत. ११ आणि १२ कमीजास्त मिसळून हवा तो दाब मिळे. मलमं, जखमेवरच्या पुड्या, भूल देणारे फवारे, सगळं त्यांच्यावर चालायचं. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं, की हेच स्थिर रेणू वर जाऊन फुटतात आणि त्यातला क्लोरिन ओझोन खातो. १९७८ मध्ये अमेरिकेनं बहुतेक फवाऱ्यांत सीएफसी बंद केले. अपवाद म्हणून जी औषधं ठेवली, त्यांत इनहेलर होते हे सगळ्यांना माहीत असतं. पण बाहेरून लावायची दोन-तीन औषधंही होती. पॉलिमिक्सिन, बॅसिट्रॅसिन आणि निओमायसिन यांची कोरडी पूड, आणि श्लेष्मल त्वचेवर नळीनं मारायची भुलीची औषधं. म्हणजे तेव्हाही प्रश्न हाच विचारला गेला होता: या औषधाला, या जागी, हाच गॅस अपरिहार्य आहे का? ज्यांचं उत्तर 'हो' आलं तेवढीच राहिली.

१९८७ मध्ये ओझोन वाचवण्यासाठी मॉन्ट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात आला आणि ऑगस्ट २००८ पासून इनहेलरपुरती सवलत ठेवून इथलं सीएफसीचं उत्पादन थांबलं. १३४ए पुढं आला तो क्लोरिन नसल्यामुळं. ओझोनला तो काही करत नाही. पण तापवतो. म्हणून त्याच करारात २०१६ ची किगाली दुरुस्ती, १३४ए सारखे एचएफसी कमी करण्यासाठी. भारतानं ती २०२१ मध्ये मान्य केली. करारातल्या आपल्या देशगटाला एचएफसीचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. त्यामुळं मालक आज ना उद्या १३४ए सोडणारच होते, आणि सोडायलाच हवा होता. माझं भांडण सोडण्याशी नाही. न सांगता सोडण्याशी आहे, आणि त्याच डब्यात, त्याच रंगात.

मग काय घालायचं?

आम्ही तिघं, मालक, मी आणि माझा तो दुकानदार विद्यार्थी, दोन रविवार यावर बसलो.

एचएफसी-१५२ए ची तापवण्याची ताकद १३४ए च्या दहाव्या हिश्शाएवढी. पण तो पेटतो, म्हणजे तालमीपुरता प्रश्न जिथल्या तिथं. एचएफओ-१२३४झेडई हा नव्या पिढीतला, ताकद नगण्य, आणि साध्या तापमानाला चाचणीत पेटत नाही. पण ३० अंशांच्या वर गेलं की तोही पेट घेऊ शकतो. मे महिन्यात कोल्हापूरच्या पत्र्याखालच्या दुकानात ३० अंश म्हणजे सकाळचे नऊ. शिवाय किंमत. तो विचार तिथंच सोडला.

नायट्रोजन दाबून भरणं स्वस्त आणि निर्धोक. तो द्रवात विरघळत नाही, उकळत नाही, म्हणून कॅन रिकामा होत जातो तसा दाब पडत जातो आणि शेवटी फवाऱ्याची धार होते. यावर उपाय म्हणजे कॅनच्या आत पिशवी. औषध पिशवीत, नायट्रोजन किंवा हवा पिशवीच्या बाहेर. गॅस बाहेर येतच नाही, औषधच तेवढं येतं, आणि कॅन आडवा धरा नाही तर उलटा, चालतो. हा शेवटचा गुण पैलवानांसाठी मोठा आहे. पाठीवर एकट्यानं मारताना पोरं कॅन हमखास उलटा धरतात. साध्या कॅनमध्ये तसं केलं की नळीचं टोक वाफेत येतं, नुसता गॅस निघून जातो आणि अर्धं औषध तळाशी पडून राहतं. 'गॅस संपला, औषध उरलं' ही दुकानातली नेहमीची तक्रार यातूनच येते.

पण पिशवीच्या कॅनमध्ये गारवा मिळणार नाही. मालकांना हेच खटकलं. "गार नाही लागलं तर पोरं म्हणणार, औषधच नाही त्यात." मला इथं थांबून विचारावंसं वाटलं, की गारवा औषध आहे की नाही? ताज्या मुक्या मारावर, मैदानावर, दोन मिनिटांत पुन्हा उभं राहायचं असेल तर आहे. शाहू स्टेडियमवर सामना चालू असताना पिंढरीला गोळा आलेल्या खेळाडूला गार फवारा मारतात, उघड्यावर, वाऱ्यात, तिथं त्याचं काम आहे. मात्र तिथंही वितभर अंतरावरून, थोडा थोडा. कातडी पांढरी पडेपर्यंत मारला तर थंडीनंही भाजतं, उणे २६ अंशांचा द्रव आहे तो. पण आठवडाभर जुन्या खांद्याच्या दुखण्याला, मेहनतीनंतर, बंद तालमीत गारव्याची काय गरज? तिथं चोळून लावायचं जेल पुरतं. मालीश हा तर तालमीतला रोजचा रिवाज आहे. चोळणारे हात आहेत, वेळ आहे. फवाऱ्याची खरी गरज आहे ती जिथं हात लावला तरी जीव जातो अशा जागी, किंवा स्वतःच्या पाठीवर.

अजून एक काळजी मी त्यांच्यापुढं ठेवली. लढत संपल्यावर पैलवानाच्या अंगात अॅड्रेनॅलिन भरपूर असतं, धाप लागलेली असते. ब्युटेन काय किंवा फ्लुओरोकार्बन काय, श्वासातून खूप गेले तर हृदयाला अॅड्रेनॅलिनच्या बाबतीत हळवं करतात, ठोके बिघडू शकतात. साध्या दोन-तीन सेकंदांच्या फवाऱ्यानं हे होत नाही. नशेसाठी मुद्दाम हुंगणाऱ्यांत अशा मृत्यूंची नोंद आहे. पण दार लावलेल्या हौदात पाच-सहा जणांनी एकापाठोपाठ कॅन चालवणं मला पटत नाही, गॅस पेटणारा असो वा नसो.

शेवटी मालकांनी ठरवलं ते असं. तालमींना जेलची ट्यूब आणि पिशवीचा कॅन, दोन्ही नव्या नावानं, नव्या रंगात, अल्कोहोल कमी करून. ब्युटेनचा फवारा फक्त मैदानी संघांसाठी, त्यावर पुढच्या बाजूला ठळक मराठीत: 'हा फवारा पेट घेतो. दिवा, उदबत्ती, चूल, विडी यांच्याजवळ मारू नका. बंद खोलीत मारू नका.' 'उदबत्ती' हा शब्द वस्तादांनी सुचवला. आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता. पिशवीचा कॅन महाग पडतोय, आणि अल्कोहोल कमी केल्यावर डायक्लोफेनॅक विरघळलेलं राहतंय का याच्या टिकाऊपणाच्या चाचण्या अजून चालू आहेत. तोवर ट्यूबच जाते.

तालमीत वस्तादांनी दिवा हलवला नाही. "देव हाय त्या जाग्यावरच ऱ्हाणार," म्हणाले, आणि मला ते योग्यच वाटलं. त्यांनी कपाट हलवलं. औषधं आता बाहेर, पायऱ्यांजवळच्या नळापाशी, पत्र्याच्या पेटीत असतात. फवारायचं तर तिथं उघड्यावर. मुलगा दिवाळीनंतर पुन्हा मातीत उतरला.

नव्या गॅसचा जो लॉट तालमींना गेला होता तो मालकांनी परत मागवला. तालमी, दुकानं, गावोगावचे आखाडे, माझा विद्यार्थी स्वतः मोटारसायकलवर फिरला. बरेच आले. काही कॅन कागल, मुरगूड, राधानगरीकडच्या जत्रांच्या कुस्त्यांत हातोहात गेलेत, त्यांचा माग लागत नाही. कुणाच्या तालमीत शिवणीजवळ 'ब्युटेन, प्रोपेन' लिहिलेला निळ्या झाकणाचा वेदनाशामक फवारा असेल, तर तो देवळीपासून लांब, उघड्यावर ठेवा आणि जवळच्या मेडिकलमध्ये नेऊन द्या.